निचऱ्याची टाकी

चंद्रतळावरच्या हरितकक्षात डॉ. सुलभा वझरकर निचऱ्याच्या टाकीवर वाकल्या, सामूमापकाचा, म्हणजे पीएच मीटरचा, आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा चढला! कालच आम्ल घालून खाली आणला होता मेल्याला.

कोकोपीटच्या कुंड्यांतल्या घेवड्याची पानं कडांनी करपत चालली होती. आधीची दोन पिकं अशीच गेली. हेही गेलं तर कक्षाला कुलूप आणि सुलभाताई पुढच्या यानानं घरी, असं तळप्रमुखांनी स्पष्टच बजावलं होतं.

"ताई, ती कोपऱ्यातली कुंडी बघा, कशी तरारलीय," रसायनतज्ज्ञ हेरंब लोटलीकर आत येत म्हणाला.

"तिचं नाव काढू नकोस!"

नळी सारखी तुंबते म्हणून वैतागून त्यांनीच ती कुंडी निचऱ्याचं पाणी पुन्हा कुंड्यांना देणाऱ्या चक्रातून तोडली होती. हेरंब तिला ताजं खतपाणी घालायचा, तेही अंदाजपंचे. ना माप, ना मोजणी, आणि तीच हिरवीगार! सुलभाताईंना ती डोळ्यांसमोर नको व्हायची.

"निचऱ्याचं पृथक्करण झालं," हेरंब म्हणाला. "पानं बोरॉननं जळतायत. हवं त्याच्या कितीतरी पट साचलंय."

"बोरॉन? माझ्या खतात ते नावापुरतं असतं!"

"चक्र बंद आहे ना, ताई. पानांतून उडालेलं पाणी थंड होऊन टाकीत परत येतं. पण झाडानं न खाल्लेलं कुठे जाणार? साचतच राहतं. कुणीतरी रोज थोडं थोडं टाकतंय."

"तरी मी म्हणतच होते! स्वयंपाकघरातले ते महाभाग साबणाचे हात बुचकळत असणार. थांब, आता तासातासाला मोजते. बघतेच कोण येतं ते!"

तावातावात त्यांनी मापक उचलला. मोजण्याआधी तो दर वेळी जुळवून घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. बाटलीतलं प्रमाण द्रावण पेल्यात ओतलं, कांडी बुडवली, आकडा जुळवला आणि पेला टाकीत रिकामा केला. पाण्याचा थेंबही वाया घालवायचा नाही, हा नियम त्यांनीच केलेला. मोडणाऱ्याला त्या फाडून खात.

हेरंब पाहतच राहिला. "हे रोज टाकीत ओतता?"

"मग काय डोक्यावर ओतू?"

"दिवसातून किती वेळा?"

"आधी एकदाच. पानं करपायला लागल्यापासून सारखंच. का रे?"

हेरंबनं बाटली त्यांच्यासमोर धरली. "टाकणखाराचं द्रावण आहे, ताई. त्यात बोरॉनच असतं. आणि सामूही त्यानंच चढतो."

सुलभाताईंनी बाटली घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचली. पानं करपली की त्या जास्त मोजायच्या, आणि जास्त मोजलं की पानं आणखी करपायची. तीन पिकं त्यांनी स्वतःच्या हातांनी मारली होती. त्यांना रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"टाकी उपसायची," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं पाणी उकळून वाफेचं तेवढं परत घ्यायचं. आणि ती कुंडी पुढे आण."

कोपऱ्यातल्या वेलाला शेंगा लगडल्या होत्या. पुढच्या पेरणीला बी पुरलं असतं. तळप्रमुखांना दाखवायला आता तेवढंच होतं.

त्यांनी मापक हेरंबच्या हातात कोंबला. "घेऊन जा. मी मागितला तरी देऊ नकोस."

तो दारापर्यंत गेला असेल नसेल, तोच मागून हाक आली. "अरे, या कुंडीला आज पाणी किती घातलंस?"

"अंदाजानं घातलं, ताई."

सुलभाताईंनी दातओठ खाल्ले, पण मापक परत मागितला नाही.