मनाईचा हक्क

देविकाने पुस्तकाला हात घातला आणि नेमका दुसऱ्या बाजूनेही एक हात आला... ग्रीक-रोमन राज्यविचारांवरचं ते जाडजूड पुस्तक दिल्लीच्या त्या लायब्ररीत एकच होतं, आणि हक्क सांगणारे दोघं!

"सॉरी, आप ले लीजिए," तो म्हणाला. तेवढ्यात त्याच्या वहीवरचं नाव तिला दिसलं — हेरंब चिंचोळकर.

"अच्छा, मराठी! मग आता भांडूनच घेऊ, यार."

हेरंब बुलढाण्याहून यूपीएससीसाठी आलेला. देविका लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, राज्यशास्त्रात एम.ए. करणारी. भांडण काही झालं नाही. पुस्तक मध्ये ठेवून दोघं रोज शेजारी बसू लागले.

"एका वेळी दोन कॉन्सल, राज्याचे दोन-दोन प्रमुख? रोमनांचं डोकं फिरलं होतं का?" हेरंबने एकदा विचारलं.

"बिल्कुल नाही. राजाला हाकलून दिल्यावर पुन्हा कुणी एकटा डोक्यावर बसू नये, म्हणून दोघं. एकाने हुकूम काढला की दुसऱ्याने म्हणायचं — मनाई! अमेरिकेतला व्हेटो, आपल्या राष्ट्रपतींनी परत पाठवलेलं बिल... विचार तोच."

"मग आपल्या दोघांत राजा कोण?" त्याने मान वर केलीच नाही, पण कान मात्र लाल झाले होते.

"कोणीच नाही. दोन कॉन्सल. आणि हां — मनाई केली की कारण विचारायचं नाही."

त्याने सिगारेट काढली की ती म्हणे, "मनाई!" ती थंडीत स्वेटरशिवाय आली की तो. कारण कुणीच विचारत नसे. दोन हिवाळे असे भुर्रकन उडाले.

मग तिचे बाबा, भालचंद्रराव, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. आई आधीच गेलेली. देविकाने नोएडातल्या नव्या ऑफिसात नोकरी धरली. त्याच महिन्यात हेरंबचा निकाल लागला. पाच वर्षं घासून आयएएस. काही महिन्यांनी केडरही ठरलं — नोकरी थेट आसाम-मेघालयात.

लायब्ररीबाहेरच्या बाकावर तो तिची वाट बघत होता. बारीक भुरभुर सुरू होती.

"मी जात नाही, देविका. तुझ्या ऑफिसात जागा आहे म्हणालीस ना? लग्न करू. बाबांना दोघं मिळून सांभाळू... माझं प्रेम आहे गं तुझ्यावर."

हे ऐकण्यासाठी ती दोन वर्षं झुरली होती. पण गावी त्याच्या आईने वाटलेले पेढे तिला आठवले. त्याची पाच वर्षं मोडून तिला आपला संसार थाटायचा नव्हता.

"मनाई," ती म्हणाली.

हेरंबचे ओठ हलले... तिने श्वास रोखला. एकदाच विचार ना रे! त्याने नुसतं 'का' म्हटलं असतं, तर ती त्याच्या गळ्यात पडून सगळं कबूल करणार होती.

त्याने आपली छत्री तिच्या हातात दिली, क्षणभर बोटं तशीच राहू दिली, आणि तो स्टॉपकडे चालू लागला. शब्दाचा पक्का होता तो.

"विचार ना, का..." ती पुटपुटली, तेव्हा त्याची बस निघून गेली होती.