शकूची जागा

वायर घ्यायला मी टपाल नाक्यावर अय्यूबच्या दुकानात गेले, तेव्हा नातीच्या हळदीला चार दिवस राहिले होते. पिशवीत काडेपेटीएवढा एक प्लेअर होता. त्यात गोदू होती.

गोदू आणि मी तीस वर्षं, सुकापूरपासून नेऱ्यापर्यंत, लग्नांत धवले गायलो. आमच्या आगरी लग्नात धवलारणीशिवाय मांडव मुका. गोदू ओळ घालायची, मी उचलायची. ओळ उचलली नाही तर नवरी पाटावरून उठत नाही, अशी आमच्याकडची रीत. पाच वर्षांपूर्वी माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलते ती नुसती फुसफुस. मी दवाखान्यात असताना गोदूने सगळे धवले या प्लेअरवर भरून ठेवले, एकटीने. प्रत्येक ओळीनंतर ती थांबली आहे.

"शकूची जागा ठेवलीय," ती म्हणायची. "बरी झाली का भरल."

मी काही भरली नाही, आणि दोन वर्षांपूर्वी गोदूच गेली.

इअरफोन लावून मी ते कितीदा ऐकलं असेल. गोदू, मग रिकामी जागा, मग गोदू. शेवटचा धवला संपला की ती सवयीने म्हणते, "शकू, चल गो, उशीर झाला." आणि खट्. बंद.

मनिषाने हट्टच धरला होता, "आजी, मला गोदूआजीचेच धवले पायजेत."

"आन् माझी जागा?"

"ती मी भरते. तुझ्या वहीतून वाचून."

साठीत अक्षरं शिकले तेव्हा मी सगळे धवले वहीत उतरवले होते. पण नवरीने स्वतःच स्वतःला उठवायचं? शिवाय पोरीचा सूर असा, की ती सराव करायला लागली आणि आमचं मांजर दोन दिवस शेजारी राहायला गेलं. गावातल्या बाकी बायांना डीजेची गाणी पाठ.

अय्यूब सोळा वर्षं कुवेतला असल्या मशीनी दुरुस्त करत होता. माझी फुसफुस ऐकायला तो काउंटरवर ओणवा झाला.

"मावशी, तुमच्या स्टिरिओला मागे कसली भोकं आहेत?"

"एक लाल, एक पांढरा."

इंग्रजी अक्षरं मला अजून दाद देत नाहीत, रंग कळतात.

त्याने तीन वायरी मांडल्या. एका टोकाला प्लेअरची एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन. पांढरी डाव्या बॉक्सची, लाल उजव्याची. पहिली बारीक वायर त्याने दुकानातल्या स्टिरिओला लावली. घरघर आली.

"ही नको. गोदूबाईंना दमा झाल्यासारखं वाटतंय."

दुसरी सोनेरी पिनांची. आवाज धुतल्या तांदळासारखा.

"बस, हीच घ्या."

"तिसरी लाव."

तिसरी जाड, काळी, पुठ्ठ्यावरचं चित्र उन्हाने उडालेलं. गोदूने ओळ घातली. मग जागा आली. आणि उजव्या बॉक्समधून कोणीतरी श्वास घेतला. आधी थोडा नाकाने, मग तोंडाने पूर्ण. ओळ उचलण्याआधी मी घ्यायचे तसा.

अय्यूबने लाल पिन काढली. श्वास गेला. परत लावली. परत आला.

"अजब आहे. एकाच माइकवर भरलेलं, दोन्हीकडे सेम यायला पाहिजे. वायर खराब आहे, मावशी. सोनेरी देतो."

"हीच दे."

"अहो, खराब माल विकला तर वर अल्ला विचारेल मला."

"त्याला माझा नाव सांग."

तो हसला, आणि वायर पिशवीत टाकली.

हळदीच्या दिवशी अंगणात भर दुपारचं ऊन होतं. मनिषाचा भाऊ हृतिक याने स्टिरिओ मांडवाखाली ठेवला आणि वायर जोडली. मनिषा पाटावर बसली, मांडीवर माझी वही उघडून. बाया खिदळत होत्या, कोणीतरी हळद हृतिकच्या कानात घातली.

गोदूने ओळ घातली.

"मांडवान कोन आयला गो, कोन आयला?"

इथे उचलणारीने नवऱ्याचं नाव घालायचं असतं. गोदूने हे भरलं तेव्हा मनिषा कॉलेजात होती. होणाऱ्या नवऱ्याचं, राजसचं, तोंडही तिने पाहिलं नव्हतं.

उजव्या बॉक्सने श्वास घेतला.

"राजस नवरा आयला गो, आयला!"

माझा आवाज. खणखणीत.

बायांनी आरोळी ठोकली. "शकूबाय, कवा भरलास गो? आमाला नाय सांगितलास!"

मनिषाने वही मिटली. ती रडत होती आणि हसत होती.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

'राजस'मधल्या 'स'ला बारीक शीळ वाजली होती. माझा पुढचा दात गेल्या दिवाळीत चकलीने नेला, तेव्हापासून मला ती वाजते. पण तेव्हा आवाज जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दाताशिवाय मी कधी गायलेच नाही.

एकेक ओळ उचलली गेली. मनिषा पाटावरून उठली. बाया नाचायला धावल्या, मी बॉक्सपाशी एकटी राहिले.

"शकू, चल गो, उशीर झाला," गोदू म्हणाली.

खट् झालं नाही.

"थांब गो," उजवीकडून मी म्हणाले. "मनिषाचा पोर बघते, मंग येते."

मग खट्.

आता मनिषाला सातवा लागलाय. घरात रोज नावांवरून भांडणं, पेढे कुठल्या दुकानातून आणायचे यावरून भांडणं. मीही भांडते, फुसफुसत.

परवा मी एकटीच होते. वायर लावली. नुसती पांढरी पिन, लाल हातात धरून ठेवली. सगळे धवले ऐकले. गोदू, रिकामी जागा, गोदू. पूर्वीसारखंच.

"शकू, चल गो, उशीर झाला."

मग पूर्वी कधी नव्हती अशी एक जागा. एक वाक्य मावेल एवढी.

मग गोदू हसली.

"बरा. हितंच बसलेय."