तीन तासांचा गजर

गुरुवार, ८ जानेवारी १९४८. सकाळी सहा वाजता आळंदच्या बाजारगल्लीत तुरीचे व्यापारी माणिकप्पा यांच्या दंडात पेनिसिलिनची पहिली सुई टोचली गेली. कंदील त्यांच्या मुलीनं, गुरुबाईनं धरला होता. कंदील हलत होता, आणि भिंतीवरचा उजेडही.

“सुईकडं बघू नका,” कंपौंडर शिवशरण म्हणाला.

“मग कुठं बघू?”

“कुठंबी...”

ती त्याच्याकडं बघू लागली. कंदील स्थिर झाला.

खरं तर त्या सकाळी डॉक्टर स्वतः येणार होते. आदल्या संध्याकाळी त्यांना दहा दिवसांसाठी गुलबर्ग्याला जावं लागलं, म्हणून शिवशरण आला. माणिकप्पांच्या मानेवर काळपुळी होती, ताप एकशे तीन. सल्फाच्या गोळ्यांनी काही झालं नव्हतं. जाताना डॉक्टर शिवशरणला दोन गोष्टी सांगून गेले. एक – पाण्यात कालवलेलं पेनिसिलिन दर तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा. दोन – सोलापूरहून तेलातलं पेनिसिलिन मागवलंय, ते आलं की दिवसाला एकच सुई. ही दुसरी गोष्ट माणिकप्पांच्या घरी कुणाला माहीत नव्हती.

दवाखाना गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, समोरच होता. शिवशरणनं तिथलं गजराचं घड्याळ माणिकप्पांच्या घरी आणून ठेवलं. गजर झाला की तो ऐकून यायचा. एकदा वाजलं की गजराचा काटा हातानं पुढच्या तीन तासांवर न्यावा लागे. ते काम गुरुबाईनं आपल्याकडं घेतलं.

शुक्रवारी दुपारी ती उकळलेल्या सिरिंजचं भांडं परत करायला दवाखान्यात आली. शिवशरणनं तिला काचेवर रंग लावून ठेवलेला काळपुळीतला पू सूक्ष्मदर्शकातून दाखवला. तिनं एक डोळा मिटला, मग चुकून दोन्ही मिटले, मग हसली.

“द्राक्षं हायती. जांभळी.”

तो म्हणाला, धुतल्यावरही जे जंतू हा जांभळा रंग सोडत नाहीत, त्यांच्यावर हे औषध चालतं.

“रंग सोडत न्हाईत म्हनून मरत्यात?”

“तसंच म्हना.”

“बिचारे.”

मग तिनं विचारलं, तीन तासच कामून? औषध मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातं आणि रक्तात उरत नाही, हे उत्तर त्याला पाठ होतं. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. तो म्हणाला, माठ फुटका असला की सारखा भरावा लागतो.

“आमच्या अप्पांना फुटका माठ म्हनायलाव?”

“मी तसं न्हाई...”

“सांगते त्यास्नी.”

तिनं सांगितलं नाही. जाताना दारात वळून मात्र बघितलं.

त्याच दिवशी पाच वाजता सोलापूरच्या मोटारीतून औषधाची पेटी आली. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर ती दोन दिवस अडकून पडली होती. शिवशरणनं पेटी उघडली, बाटल्या बघितल्या, पेटी बंद केली आणि कपाटात आयोडीनच्या बाटलीमागं ठेवली. सहाचा गजर झाला. तो जुनंच औषध घेऊन गेला. रात्री सांगू, असं त्यानं ठरवलं. रात्री ठरवलं, सकाळी सांगू.

शनिवारी ताप शंभरावर आला. त्या दुपारी तीनचा गजर पावणेतीनलाच वाजला. घड्याळ पुढं धावतंय, असं त्याला वाटलं. तो धावतच गेला.

रविवारी, ११ जानेवारीला वेळ अमावस्या होती. या दिवशी आळंदमध्ये घरात कुणी थांबत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याच्या खोपीत पूजा होते, घरधनी पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालतो. माणिकप्पांचं शेत चार मैलांवर. चाळीस वर्षांत त्यांची फेरी चुकली नव्हती. नऊच्या सुईनंतर त्यांनी विचारलं, बैलगाडी सावकाश नेली तर?

शिवशरण जमिनीकडं बघत म्हणाला, “तीन तासांत परत येनं व्हायचं न्हाई, अप्पा.”

“बरं बाबा. तू म्हनशील तसं.”

ते कुशीवर वळले. दोन्ही दंड निळे पडले होते. आंबिलीचा डेरा घेऊन त्यांची बहीण लिंगम्मा शेजाऱ्यांच्या गाडीत बसून गेली. गल्ली रिकामी झाली.

बाराची सुई दिल्यावर गुरुबाईनं त्याला ओसरीवर पान वाढलं – शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. त्यानं एक घास उचलला आणि तो हातातच राहिला.

“गुरुबाई... अप्पांना शेताला जाता आलं असतं.”

मग त्यानं सगळं सांगितलं. पेटी शुक्रवारी पाच वाजता आली. औषध भुईमुगाच्या तेलात आणि मधमाशीच्या मेणात घोटलेलं असतं, अंगात हळूहळू झिरपतं, दिवसभर पुरतं. तेव्हापासून आतापर्यंत पंधरा सुया झाल्या. दोन पुरल्या असत्या. तेरा उगाच टोचल्या.

“कामून?”

“मग मी हितं दिवसातनं एकदाच आलो असतो.”

आत माणिकप्पा घोरत होते. 

“भुईमुगाचं तेल?” तिनं विचारलं. “आमच्या चुलीपाशी असतं तसलं?”

“तसलंच.”

तिनं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती रागानं बोलली नाही. आवाज अगदी बारीक होता.

“काल गजर पावनेतीनला झाला. काटा मी मागं घेतला हुता. अप्पा आत कन्हत हुते... अन् मी सुईची वाट बघत हुते.”

दोघांना एकमेकांकडं बघवेना. शेवटी ती उठली.

“माझं मी बघीन. तुमचं तुमी अप्पांना सांगा. तवर माझ्याशी बोलू नका.”

तीन वाजता शिवशरणनं तेलातलं औषध गरम पाण्यात धरून पातळ केलं आणि जाड सुईनं दिलं. माणिकप्पा कळवळले, मग त्यांनी विचारलं, आता सहाला ना?

“न्हाई अप्पा. आता उद्या तीनला.”

माणिकप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “लई जागलास बाबा माझ्यापायी.” त्या हाताखाली मान वाकवून तो तसाच बसून राहिला. बोलला नाही.

सोमवारी बोलला नाही. मंगळवारी तोंड उघडलं आणि भूक लागते का, असं विचारलं. बुधवारी संक्रांत होती. लिंगम्मानं तीळगूळ दिला, म्हणाली, सुईवाले, आज तरी गोड टोचा. गुरुबाई बाहेर आली नाही. गुरुवारी पाचवी आणि शेवटची सुई झाली. जखम स्वच्छ होती, ताप नव्हता. माणिकप्पांनी पुन्हा आभार मानले. शिवशरण घाईनं निघाला. घड्याळ तिथंच राहिलं. ते परत मागायला त्याला तोंड नव्हतं.

शुक्रवार, १६ जानेवारी. सकाळी सहा वाजता माणिकप्पांच्या घरात गजर झाला. सुई कुणालाच द्यायची नव्हती. शिवशरण अंथरुणावर उठून बसला. नऊ वाजता पुन्हा झाला. त्या घड्याळाच्या गजराचा काटा आपोआप पुढं जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बारा वाजता गजर तिसऱ्यांदा झाला आणि चावी संपेपर्यंत वाजत राहिला.

बारा वाजून चार मिनिटांनी शिवशरण गल्ली ओलांडून गेला. हातात सुईची पेटी नव्हती. माणिकप्पा कट्ट्यावर उन्हात बसले होते. मागं दाराचं एक कवाड उघडं होतं, त्याआड गुरुबाई उभी होती.

माणिकप्पांनी सरकून त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. त्यांच्यासमोर उभा राहिला. “अप्पा, तुमच्या सुयांचं सांगायचं हाय,” तो म्हणाला.