वीतभर खचलेली सोसायटी

"आधी झाडं दाखवली नाहीत म्हणून पालिकेकडून पुनर्विकासाची फाइल परत. मग नाला राहिला म्हणून. आता म्हणे, नकाशातल्या उंच्या जागेवर जुळत नाहीत." सेक्रेटरी धाकू परब वैतागून बोलत होते. "इमारत धोकादायक ठरलीय. मंजुरीआधी घरं सोडावी लागली, तर आम्ही परत येत नाही. कुणीतरी मुद्दाम घोळ घालतंय."

भांडुपचा चढ चढून अनिरुद्धचा जीव मेटाकुटीला आला होता. त्याची बॉस, खासगी गुप्तहेर चेतना, मात्र अंगण न्याहाळत होती.

"नेमकं कुठे जुळत नाही?"

"फाटक, गटार, मागची भिंत. सगळं वीतभर खाली."

धाकूंचा पहिला संशय सर्व्हे करणाऱ्या शिवदासवर. भर सभेत त्याला चोर म्हणून झालं होतं. त्यालाही आज बोलावलं होतं.

"गणपतीनंतर मापं घेतली," शिवदास चिडून म्हणाला. "सगळ्या उंच्या त्या तुळशी वृंदावनावरच्या लाल खुणेपासून. पालिकेच्या इंजिनीअरनेही परवा तिथूनच मोजलं."

दुसरा संशय विरोधक लताताईंवर. "माझा विरोध नव्या इमारतीतल्या अरुंद जिन्याला आहे," त्या फटकन म्हणाल्या. "अख्ख्या अंगणात लाद्या आहेत. माती काय मी लाद्यांखालून उपसली?"

तेवढ्यात धाकूंच्या पत्नी प्रेमाकाकू कठडा धरून, एकेक पायरी थांबत खाली आल्या. तुळशीला उभ्यानेच पाणी घालून म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत जीव जाय माझो. आता वाकूचा लागणा नाय."

गुडघ्यांना औषध लागू पडलं असणार, असं अनिरुद्धला वाटलं. चेतना वृंदावनापाशी उकिडवी बसली. गेरू तळापर्यंत ताजा होता, फक्त लाल खुणेभोवती तो टाळलेला होता.

"जमीन सगळीकडे सारखी खचत नसते," ती उठत म्हणाली. "सगळंच वीतभर खाली गेलं, म्हणजे जमीन जागेवर आहे. खूण वर गेलीय."

"काँक्रीटचं वृंदावन कोण उचलणार?" अनिरुद्धने विचारलं.

"ज्याला ते उंच हवं होतं तो. काकूंचे गुडघे अजून तसेच आहेत, जिन्यावर बघितलंस ना? तरी त्यांना वाकावं लागत नाही. हो ना, परबकाका?"

धाकूंचा चेहरा उतरला. "तुळशीच्या लग्नाआधी चार माणसं लावून खाली विटा घातल्या. हिला बघवत नव्हतं. सर्व्हेची खूण मात्र मी जपली हो, तेवढी सोडून गेरू लावला."

अनिरुद्धला हसावं की कपाळ बडवावं, कळेना.

"माझ्या गुडघ्यांपायी सगळ्यांची घरा अडकवलात?" काकूंनी विचारलं.

"नवी खूण रस्त्याच्या मोरीवर घेतो. माझंही चुकलं, हलणाऱ्या वस्तूवर खूण करायची नसते," शिवदास म्हणाला. "उद्याच मापं घेतो. पण मला चोर म्हणालात ते सभेत. आता हेही सभेतच सांगा."

धाकूंनी लताताईंकडे पाहिलं. "सगळ्यांना खाली बोलवा," ते म्हणाले. "आत्ताच सांगतो."