बदली येईपर्यंत

सातिवलीच्या ऑफिसचं शटर वर गेलं की दिपिका आधी अगरबत्ती लावायची आणि मग फाइल उघडायची. तिचा धाकटा भाऊ अल्पेश म्हणायचा, ताईचा पेपर आला. पेपरच होता म्हणा तो. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो आणि हे पत्ते काही झाडाला लागत नाहीत. ते वाटणारी एक नोंदणी संस्था असते. बँका, कॉलेजं, छोट्यामोठ्या कंपन्या यांना ती पत्त्यांचे गठ्ठे देते आणि कुठला गठ्ठा कोणाला, कधी दिला ते रोज एका फाइलीत जाहीर करते. दिपिका शेतकऱ्याची पोर. तिला त्यात सातबारा दिसायचा. जमीन कोणाच्या नावावर, फेरफार कधीचा, हे बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

भावाबहिणीची ब्रॉडबँडची छोटी कंपनी होती. सातिवलीचे गाळे, कामणची गोडाऊनं आणि मधल्या चाळी, एवढाच पसारा. इतकी वर्षं भाड्याच्या पत्त्यांवर धंदा केला आणि दिवाळीच्या सुमाराला एकदाचा स्वतःचा गठ्ठा मिळाला. कामणच्या घरी त्यांची आई बायजाने आळीभर पेढे वाटले. काय मिळालंय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण पेढ्याचं आणि कळण्याचं कधी काही नातं असतं का?

गठ्ठा कोरा नव्हता. नवी जागा आता उरलीय कुठे, वसईत काय आणि इंटरनेटवर काय. कोणी परत केलेला गठ्ठा संस्था काही महिने पडीक ठेवते आणि मग रांगेतल्या पुढच्याला देते. दिपिकाने जुन्या फायली काढून बघितलं. त्यांच्या आधी हा गठ्ठा गोडाऊनांना रखवालदार पुरवणाऱ्या एका कंपनीकडे होता. लॉकडाऊननंतर ती बंद पडली आणि पत्ते परत गेले. यात वावगं काहीच नव्हतं.

पण पहिल्याच दिवसापासून त्यातल्या एका पत्त्यावर कोणीतरी दार ठोठावू लागलं. दर तासाला एकच निरोप यायचा. ‘श्रीरंग. ड्यूटी चालू. बदली पाठवा.’

अल्पेशने लगेच ओळखलं. गोडाऊनच्या भिंतीवर हजेरीचा डबा असतो. रखवालदाराने दर तासाला त्यावर अंगठा लावायचा, की हजेरी कंपनीच्या पत्त्यावर जाते. पाळी संपली की कंपनी बदलीच्या माणसाचं नाव कळवते आणि मगच आधीच्याने आपली पोस्ट, म्हणजे पहाऱ्याची जागा, सोडायची. एखादा डबा कुठेतरी चालू राहिला असेल आणि जुन्याच पत्त्यावर हाका मारत असेल. पत्ता तोच, मालक बदललेला. त्या बिचाऱ्या डब्याला कोण सांगणार?

रात्री जेवताना हा विषय निघाला तेव्हा बायजा गंभीर झाली. कोणी हाक मारली तर तीन हाका होईपर्यंत ओ देऊ नये, हे तिने मुलांना दुधाबरोबर पाजलेलं. अल्पेश हसून म्हणाला, आई, इथे शेकड्याने हाका झाल्यात, म्हणजे आता ओ द्यायला हरकत नाही. बायजाने नुसता भात वाढला. नियम तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अल्पेशने ओ दिली. त्या निरोपांनी रोजच्या नोंदी भरून जायच्या, त्याला त्याचा वैताग आला होता. तिकडून प्रश्न आला, ‘बदलीचं नाव?’ अल्पेशला चाचणीसाठी कुठेही नाव टाकायचं झालं की तो एकच नाव टाकायचा, वडिलांचं. त्याने लिहिलं, ‘शत्रुघ्न’. लगेच उत्तर उमटलं. ‘श्रीरंग. ड्यूटी संपली.’ आणि हाका थांबल्या. दोघांनी कटिंग चहा मागवला. दिपिकाला उगाचच बरं वाटलं, कोणीतरी दमलेला माणूस घरी गेल्यासारखं.

त्या संध्याकाळी कामणला दिवे लागायच्या वेळी शत्रुघ्नने बूट घातले. हा माणूस उभ्या जन्मात चपलेपलीकडे गेला नव्हता. अल्पेशच्या लग्नातसुद्धा त्याने कोल्हापुरीवर भागवलं होतं. मुलाचे जुने बूट घालून, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावून तो भिवंडी रस्त्याने चालू लागला आणि एका बंद गोडाऊनच्या फाटकासमोर पाठ ताठ करून उभा राहिला. दिपिकाला कोणीतरी फोन केला, तेव्हा ती धावत गेली.

“बाबा, इथे काय करताय?”

“ड्युटी हाय.”

“कसली ड्यूटी? कोणाची?”

शत्रुघ्नने तिच्याकडे बघितलं. नजरेत ओळख होती, तेवढंच काय ते बरं. “मना काय म्हाईत, बाय,” तो हळूच म्हणाला. “पन कोनी आल्याबिगर हलायचं नाय.”

हाताला धरून त्याला घरी आणला. सकाळी ऑफिसात दिपिकाने नोंदी उघडल्या. दर तासाला एक ओळ. ‘शत्रुघ्न. ड्यूटी चालू. बदली पाठवा.’ रात्रभर बाप तिच्यासमोर खाटेवर पडलेला होता, तरी हजेरी लागत होती.

मग तिने खाटेशी बसून लक्ष ठेवलं. तास भरला की बापाचा उजवा अंगठा आपोआप गोधडीवर टेकायचा, दाबला जायचा आणि सुटायचा. झोपेतसुद्धा. आणि तिच्या मोबाइलवर ती ओळ यायची. अल्पेशने हे एकदा बघितलं आणि ओसरीत जाऊन ढसाढसा रडला. माझ्या हातून झालं ताई, म्हणाला. दिपिकालाही त्याच्यावर रागवावंसं वाटत होतं, पण रागवायला अंगात जीव नव्हता.

शत्रुघ्नचं जेवण तुटलं. ताट पुढे आलं की म्हणायचा, नंतर. डॉक्टरने तपासलं, रक्त नेलं, सगळं ठीक निघालं. ठीक असलेला माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. निरोप ज्या तारेवरून येत होते तिचा अल्पेशने माग काढला तर ती त्याच बंद गोडाऊनपाशी पोचली. कुलूप उघडून दोघं भरदुपारी आत गेले. आत ओल्या गोणपाटाचा वास होता. भिंतीवर डबा नव्हता. होती ती स्क्रूची भोकं, एक फिकट चौकोन आणि खाली लोंबणारं तारेचं तुटकं टोक. अल्पेशने ते टोक हातात घेतलं आणि घाईने सोडलं. का सोडलं, ते त्याने सांगितलं नाही.

दिपिकाने पुन्हा जुन्या फायली धुंडाळल्या. गठ्ठा ज्या दिवशी त्या कंपनीला दिला गेला, त्या दिवसाच्या नोंदीत मालकाचा फोन नंबर होता. नशिबाने लागला. आवाज सुकलेला, घाईतला. कंपनी बंद केली, पत्ते परत केले, आता काय हवंय, असं त्याने विचारलं. दिपिका म्हणाली, श्रीरंगबद्दल विचारायचंय.

“लॉकडाऊन लागला तेव्हा तो ड्यूटीवर होता,” मालक म्हणाला. “बदली पाठवणार कुठून? सगळंच बंद...”

“मग तो आत एकटाच राहिला?”

“हजेरी येत होती ना त्याची. तासातासाला. मला वाटलं, आहे माणूस. गोडाऊन उघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, जाऊन बरेच दिवस झालेत...”

“आणि हजेरी?”

“त्या दिवशी सकाळपर्यंत आली होती.”

तो सांगत होता की डबा त्याने स्वतः काढून भंगारात दिला. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, जेवायलासुद्धा जायचं नाही, हा नियमही त्याचाच होता. एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

अल्पेशचं डोकं तापलं. दिपिकाने अडवायच्या आत त्याने बदलीच्या जागी मालकाचं नाव ठोकून दिलं. उत्तर आलं, ‘हे नाव दुसऱ्या पोस्टवर आहे.’ दिपिकाने पुन्हा मालकाला फोन लावला, तो लागला नाही. त्यानंतर कधीच लागला नाही.

अल्पेश म्हणाला, मग माझं टाकतो. जेवणाचा डबा घेऊन आलेली बायजा ऑफिसच्या दारात उभी होती. ती पदर तोंडात धरून मटकन खाली बसली. दिपिकाने कीबोर्ड ओढून घेतला. एक काढून दुसरा घालायचा, तर आगीतून फुफाट्यात. नाव कोणाचंही टाकलं तरी तो कोणाचा तरी बाप नाहीतर लेक असणारच होता.

शेवटी तिने गठ्ठाच परत करायचं ठरवलं. जमीनच सोडली तर तिच्यावरची चाकरी कशाला राहील? ज्यासाठी पेढे वाटले ते सोडायला जिवावर आलं. गिऱ्हाइकं पुन्हा भाड्याच्या पत्त्यांवर नेली, शिव्या खाल्ल्या, काही जण तुटलेही. ज्या दिवशी फाइलमध्ये त्यांचं नाव दिसेनासं झालं त्या दुपारी शत्रुघ्न खाटेवर उठून बसला आणि बायजाला म्हणाला, “भाकर हाय का गं?” सुकट आणि भाकरी तो ताट पुसून जेवला. बायजाने गावदेवीला नारळ ठेवला. दिपिका मोरीत जाऊन नळ सोडून पोटभर रडली.

पण गठ्ठा पडीक होता, मेला नव्हता. कधी ना कधी तो कोणालातरी मिळणार, तिथेही हाका येणार आणि कोणीतरी ओ देणार. तेव्हा बापाचं काय होईल? ही भीती दिपिकाच्या मनातून जाईना. नव्या मालकाला पहिल्याच दिवशी गाठून सावध करायचं, एवढंच तिच्या हातात होतं. आता ती ऑफिसला पोचेपर्यंतही थांबत नसे. डोळे उघडले की अंथरुणातच मोबाइल घेऊन फाइल उघडायची. गठ्ठा पडीकच, हे बघायचं आणि मगच उठायचं. ताप असो, सण असो, एकही सकाळ चुकली नाही. मैत्रिणींनी गोव्याला चल म्हणून गळ घातली, तर हिने नाही म्हटलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नाही.

वालाला शेंगा धरल्या त्या सुमारास एका सकाळी गठ्ठा दिलेला दिसला. पुण्याची कुठलीशी शिकवण्यांची कंपनी होती. दिपिका तशीच पडवीत धावली. शत्रुघ्न वाफ्यात उकिडवा बसून शेंगा खुडत होता आणि बायजाशी शेंगांच्या बाजारभावावरून हुज्जत घालत होता. पायात चप्पल होती. तिने खांब धरून श्वास सोडला आणि नोंदीतल्या नंबरवर फोन लावला.

ज्ञानदा नावाच्या मुलीने तो घेतला. आवाज तरुण, नुकता चहा घेतल्यासारखा ताजा. दिपिकाने आपलं नाव-गाव सांगितलं आणि विचारलं, एखाद्या पत्त्यावर कोणी ठोठावतंय का?

“अय्या, तुम्हाला कसं कळलं? आज जोडलं तेव्हापासून येतंय... एक मिनिट. दिपिका म्हणालात ना? तुमचंच नाव आहे की.”

“कुठे?”

“इथे. ‘दिपिका. ड्यूटी चालू. बदली पाठवा.’ साठलेल्या हजेऱ्या एकदम आल्यात, रोज सकाळची एक. खाडा नाही एकही.”

तिने पहिली तारीख वाचून दाखवली. गठ्ठा परत गेला, बापाने भाकरी मागितली, तीच. दिपिका पडवीच्या पायरीवर बसली. बाप सुटला होता तो गठ्ठा परत केल्यामुळे नव्हे, त्याच्या जागी आपण बदली लागलो म्हणून, हे तिला कळलं.

“बदलीचं नाव विचारतंय,” ज्ञानदा म्हणाली. “माझं टाकून बघू का? नुसतं टेस्टला?”

खरं सांगायचं तर क्षणभर दिपिकाच्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. कोण कुठली पुण्याची पोर, कधी तोंड बघितलेलं नाही. वाफ्यातून शत्रुघ्न हात वर करून शेंगांचा घोस दाखवत होता.

“नको,” ती म्हणाली. “कोणाचंच टाकू नकोस, बाळा. मी आहे...”

पलीकडे काहीतरी बारीक वाजलं.

“लागली बघा तुमची आजची हजेरी,” ज्ञानदा हसली. “फक्त एक कळेना, मॅडम. पोस्टच्या रकान्यात ‘शत्रुघ्न’ लिहिलंय. हे गोडाऊन कुठे आलं हो?”