शर्वरीचा जुना ठसा

"ओळख पटत नाही," दार तिसऱ्यांदा म्हणालं.

वेंगुर्ल्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी बांधलेल्या संशोधन केंद्राच्या दाबखोलीत शर्वरी नाबर निथळत उभी होती. मागच्या दारापलीकडे समुद्र होता आणि पुढचं दार तिला आत घेत नव्हतं. केंद्रावर आज दोघंच होती. दुसरे डॉ. तेंडोलकर, मेंदूतज्ज्ञ. जाड काचेपलीकडच्या नियंत्रणकक्षात बसून ते तिच्यावर नजर ठेवत होते.

सतत पाण्यात भिजून बोटं सुरकुततात, म्हणून इथली कुलुपं अंगठा मागत नसत. कपाळावरची पट्टी मेंदूच्या लहरी वाचून अवधानठसा तपासत असे. लक्ष कसं भटकतं आणि कसं परत येतं, ही चाल ज्याची त्याची वेगळी असते. पाण्यात जाताना नाव सांगितलं की पुरे; ठसा लागे तो परतताना दाबखोलीच्या दाराला, आणि तोवर नियंत्रणकक्षाच्या दाराला.

शर्वरीचं लक्ष म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. शेवाळ आणायला गेलेली ही बाई शिंपले बघत बसायची. एकदा झडप लावायची विसरली आणि तिचं पाण्यात उतरणं बंद झालं. तेव्हा तेंडोलकरांनी औषधाच्या जोडीला तिला योग शिकवायला घेतला. वृक्षासन, त्राटक, भ्रामरी. त्यांची एकच अट असे : "मोजत बसायचं नाही. माझ्या श्वासाला श्वास लावायचा." वर्षभरानं तिचं मन थाऱ्यावर आलं. एक आख्खा अहवाल तिनं एका बैठकीत संपवला, त्या दिवशी ती आनंदानं रडली होती. आज ती वर्षानंतर प्रथमच पाण्यात उतरली होती.

"डॉक्टर, हे मला ओळखत का नाही?"

"ठसा वर्षापूर्वीचा आहे. तेव्हाच्या तुम्ही आता राहिला नाहीत." तेंडोलकरांनी कपाळावर हात मारला. "हे माझ्या आधीच ध्यानात यायला हवं होतं."

"मग नवा नोंदवा ना!"

"त्यासाठी आधी जुना द्यावा लागतो."

"ही अक्कल कोणाची?"

"समितीची. मीही होतो तिच्यात."

हातानं उघडायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती. घाबरलेल्या माणसानं दोन्ही दारं एकदम उघडली असती तर केंद्रच बुडालं असतं.

"पूर्वीसारखं मन भरकटू द्या," तेंडोलकर म्हणाले.

तिनं आठवून पाहिलं : आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं, अर्धवट विणलेला स्वेटर, शेजारणीचं भांडण. एकेक विचार शहाण्या पाहुण्यासारखा येऊन गेला. ती भरकटण्याचा प्रयत्नसुद्धा एकाग्रतेनं करत होती. दाबखोलीतली हवा जड झाली, डोकं ठणकू लागलं.

"शर्वरी, घरून निरोप आलाय. तुमची आई पडली."

मन विखुरलं नाही. आईवर जाऊन खिळलं.

"खोटं बोललो," तेंडोलकर ओशाळून म्हणाले. "वाटलं, चालेल."

"बाहेर आले ना, तर दात पाडीन तुमचे!" असं म्हणताना तिला रडू फुटलं. तिला मरायचं नव्हतं.

"खाली बसा. माझ्या श्वासाला श्वास लावा. हवा तरी पुरेल."

ती बसली. त्यांचा श्वास ध्वनिवर्धकातून येत होता. आत, बाहेर. वर्षभराची सवय, तिचा श्वास आणि लक्षाची चालही त्यात कधी मिसळली, तिला कळलंही नाही.

"या, डॉ. तेंडोलकर," दार म्हणालं आणि उघडलं.

ती धडपडत बाहेर आली. नियंत्रणकक्षाच्या काचेच्या दोन्ही बाजूंनी दोघं वेड्यासारखी हसत सुटली.

"आता लवकर बाहेर या," ती म्हणाली, "तुमचे दात पाडायचेत."

तेंडोलकरांनी नियंत्रणकक्षाच्या दाराशी पट्टी लावली.

"ओळख पटत नाही. डॉ. तेंडोलकर दाबखोलीतून आत आलेले आहेत."

एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. कुलपाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गुरूची विद्या गुरूला फळली होती. शर्वरीनं धावत जाऊन बाहेरून दार ओढलं.

"माणूस पाण्यात असताना हे दार बाहेरून उघडत नाही. शर्वरी नाबर अजून परतलेल्या नाहीत."

"अरे मेल्या, मी आलेय!" ती दारावर मुठी आपटत ओरडली.

कोणी पाण्यात असलं की नियंत्रणकक्ष स्वतःच्या सिलिंडरवर चाले. तेंडोलकरांनी मागं वळून काटा पाहिला. हवा किती उरलीय हे तिनं दोनदा विचारलं. ते काट्यापुढे पाठ करून उभे राहिले.

"शर्वरी," थोड्या वेळानं ते म्हणाले. त्यांचा श्वास तिनं पहिल्यांदाच अडखळताना ऐकला. "भरकटण्याचा मघाचा प्रयत्न पुन्हा करा. कसंही करून परत या."

तिनं पट्टी कपाळाला लावली, डोळे घट्ट मिटले आणि त्या जुन्या धांदरट बाईला जिवाच्या आकांतानं हाका मारू लागली. ती बाई काही आली नाही.