रिकाम्या गाळ्यातला खुर्चीवाला

"कुलूप विकत नकोय, उघडून हवंय," तो म्हणाला, आणि मी हातातली कानस खाली ठेवली.

गिरणी बंद पडल्यापासून आमच्या बाजारपेठेतलं एकेक दुकान मिटत गेलं. जाणारा प्रत्येकजण माझ्याकडून कुलूप नेई. बाबा म्हणत, "गावाला उतरती कळा आणि आपल्याला बरकत. असा धंदा वैऱ्यालाही नको." शेवटी नगरपालिकेने रिकामे गाळे सहा महिने फुकट द्यायचं ठरवलं. हा वेताच्या खुर्च्या विणणारा शहरातून आलेला पहिलाच.

मी त्याच्या गाळ्याच्या गंजक्या कुलपात तेल सोडलं. तो वाकून बघत राहिला— माझ्याकडे.

"कुलूप इकडे आहे," मी म्हटलं.

"दिसलं... पण मला घाई नाही."

मला घाम फुटला. उन्हाचं निमित्त होतं म्हणून बरं.

महिनाभर त्याच्याकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मग मी आमची मोडकी खुर्ची नेली, नंतर आत्याची. आत्याला एखादी गोष्ट कळली की वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. आसपासच्या गावांतून खुर्च्या येऊ लागल्या, थांबणाऱ्यांसाठी चहावाला आला, शिंपीकाका परतले. मीच विकलेली तीन कुलपं मीच काढली.

घरातल्या मोडक्या खुर्च्या मात्र संपल्या.

"ही वीण कात्रीने कापलीय," एकदा तो म्हणाला.

"उंदीर असेल."

"कात्री चालवणारा? त्याला सांगा... खुर्ची नसली तरी येत जा."

सहा महिने सरले. शहरातला जुना मालक त्याला दुप्पट पगारावर बोलावतोय, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. पालिकेच्या कारकुनाने मला सांगितलं, "किल्ली परत घ्या, कुलूप बदला." मी नवं कुलूप घेऊन त्याच्या गाळ्यात गेले.

"किल्ली द्या," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "नको... देऊ नका. जाऊ नका. पेठेसाठी नाही, मी माझ्यासाठी सांगतेय."

त्याने वेत बाजूला ठेवला. "या गाळ्याच्या तीन वर्षांच्या करारावर सकाळीच सही केली. कारकुनाला अजून कळलेलं दिसत नाही."

"मग मला बोलू कशाला दिलंत?"

"सहा महिने वाट पाहिली याची. मध्येच कसं थांबवणार?"

मी नवं कुलूप पिशवीत परत टाकलं.

"रविवारी आई येतेय," तो हळूच म्हणाला.

"दुकान बघायला?"

"दुकानाचे फोटो पाठवलेत तिला. ती तुला बघायला येतेय."

रविवारी माझं दुकान बंद राहील, एवढंच मला सांगता आलं.